फोटो ‘काढायचा’ की ‘घ्यायचा’?

प्रश्न रत्नागिरीच्या एका चित्रकलेच्या विद्यार्थिनीचा आहे. तिने पत्र्याच्या डब्याला टाचणीने भोक पाडून, आत फोटोचा कागद चिकटवून, भाट्याच्या किनाऱ्यावर एका झाडाला तो डबा, म्हणजे बिनभिंगाचा कॅमेराच, बांधला, दुपारी साडेबारा ते सूर्य बुडेपर्यंत. प्रदर्शनात खाली पाटी लावायचीय आणि ‘फोटो काढला’ लिहिल्यावर कुणीतरी टोकलं की काढतात ते चित्र, फोटो ‘घेतात’, काढणे गावठी वाटतं. जोडीला दुसरा प्रश्न, ‘टाइम-बेस्ड आर्ट’ला, म्हणजे वेळ हाच जिचा मुख्य भाग असतो त्या कलेला, मराठीत काय म्हणायचं.

पहिल्याचं उत्तर सोपंय, बिनधास्त ‘काढला’ लिही. ‘घेतला’ चूक नाही, शूटिंगवाले शॉट ‘घेतात’, टेक ‘घेतात’, तिथे ‘काढला’ म्हटलं तर हसतील. पण बाकी बघ ना, एक्सरे काढतो, ईसीजी काढतो, झेरॉक्स काढतो, प्रिंट काढतो, रांगोळी काढतो. जिथे आधी नव्हतं ते दिसायला लागतं तिथे आपण आपोआप काढणेवर जातो. (रील मात्र ‘बनवतात’, का ते विचारू नका, बहुतेक हिंदीतून आलंय.) प्राकृतातलं ‘कड्ढइ’ म्हणजे ओढणे, खेचणे, तेच हे आपलं काढणे. विहिरीतून पाणी काढतो तशी आतली गोष्ट ओढून बाहेर आणायची. गावठी म्हणणाऱ्याला सांग की इंग्रजीतल्या ‘ड्रॉ’चा पण मूळ अर्थ ओढणे हाच आहे, मग कदाचित पटेल त्याला.

पण मला खरी गंमत पुढे वाटते. चित्र काढतो, फोटो काढतो आणि वेळही काढतो, दिवसही काढतो. वेळ काढणेचे तर दोन उलटे अर्थ, ‘जरा वेळ काढून ये’ म्हणजे कामातून सवड कर आणि ‘नुसता वेळ काढतोय’ म्हणजे टंगळमंगळ. दिवस काढणे हे तिसरंच, त्यात सोसणं आहे. आमची आजी मालवणकडची, कशी आहेस विचारलं की ‘दिस काडतंय’ म्हणायची आणि त्याच दमात ‘काड रे झिला माझो येक फोटो’. तिला ही दोन वेगळी क्रियापदं वाटतच नव्हती. आणि आठवण, तीही काढायचीच असते, घेता येत नाही!

वेळ आणि प्रतिमा यावर काम करणाऱ्या आजच्या कलाकारांचं काम मला म्हणूनच मराठीत सांगायला सोपं जातं. तैवानमधून न्यूयॉर्कला गेलेला तेहचिंग श्ये, त्याने ११ एप्रिल १९८० पासून वर्षभर, दिवसरात्र, दर तासाला कारखान्यात असतं तसल्या घड्याळात कार्ड पंच केलं आणि दर वेळी फिल्मवर स्वतःची एक फ्रेम काढली. ८७६० पैकी १३३ वेळा हुकलं, बहुतेकदा झोपेमुळे. सुरुवातीला डोकं भादरलं होतं त्यामुळे फिल्म लावली की सहाएक मिनिटांत त्याचे केस खांद्यापर्यंत येतात. आता याला काय म्हणशील, फोटो काढले की दिवस काढले? जपानी चित्रकार ओन कावारा १९६६ पासून कॅनव्हासवर फक्त त्या दिवसाची तारीख रंगवायचा, रात्री बाराच्या आत झालं नाही तर ते चित्र नष्ट. आणि जपानी फोटोग्राफर हिरोशी सुगिमोतोने थिएटरात अख्खा सिनेमा संपेपर्यंत कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवलं, तर पडदा निव्वळ पांढरा आला, गोष्ट बिष्ट सगळी उजेडात विरघळलेली.

तुझ्या डब्यातही तेच झालंय. तू पाठवलेला फोटो मी मोठा करून बघितला, सूर्य म्हणजे आभाळातून समुद्रात उतरलेला एक पांढरा ओरखडा, पाण्याची कड कुठे आहे ते सांगता येत नाही कारण तेवढ्यात पाणी सरकलं आणि रविवार असून किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. माणसं होतीच, चालत होती म्हणून उमटली नाहीत. एक होडी तेवढी दिसते, तीही दोनदोन, नांगरावर डुलत असणार.

दुसऱ्या प्रश्नाचं, ‘कालाधारित कला’ किंवा ‘वेळाधिष्ठित’ असलं काही लिहू नकोस, वाचणारा पाटीपाशीच अडकेल. आपल्याकडे पिंगुळीचे चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र समोर धरून गात गोष्ट सांगतात, बघायला वेळ लागणारं चित्रच ते, पण त्याला असलं नाव द्यायची कुणाला गरज पडली नाही. एक्सपोजरला मात्र मला कधीपासून ‘उघडीप’ म्हणावंसं वाटतं. पाऊस थांबून ऊन पडतं तेवढा वेळ, तसा शटर उघडं असतं तेवढा वेळ. अजून कुणी उचलला नाही शब्द, तू बघ वापरून.

पाटीवर एवढंच लिही: ‘भाट्ये. साडेबारा ते सूर्यास्त. काढायला सहा तास लागलेला एक फोटो.’ आणि टोकणारे परत आले तर त्यांना विचार, ‘आठवण घेतली’ म्हणता का तुम्ही?