फिल्टर बदलल्यावर ट्रॅक्टर सुरू होईना

प्रश्न : सोयाबीन निघाल्यावर डिझेल फिल्टर घरीच बदलला आणि ट्रॅक्टर उभा ठेवला. आता गव्हाच्या पेरणीला काढायचा, तर सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन उचलत नाही. मेकॅनिक म्हणतात, डिझेल पंप उतरवून इंदूरला न्यावा लागेल. – एक वाचक, सांवेर

उत्तर : पंपाला इतक्यात हात लावू देऊ नका. सेल्फ मारताना कुणाला तरी सायलेन्सरकडे बघायला सांगा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण जळत नाही. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही. फिल्टर नुकताच बदललाय, म्हणजे लाइनने एअर घेतली असणार, डिझेलच्या पाइपात हवा शिरली असणार. आधी स्टॉपची, म्हणजे इंजिन बंद करायच्या नॉबची, केबल मात्र बघा. नॉब आत गेला तरी गंजलेल्या केबलमुळे पंपावरची पट्टी बंदच राहते. ती हाताने ढकलून पाहा.

आता एअर काढायची. टाकीत पुरेसं डिझेल हवं, टाकीखालचा कॉक उघडा हवा. पहिल्या फिल्टरवरचा एअर स्क्रू दीड-दोन आटे सैल करा आणि टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा हातपंप मारा. आधी फेस येईल. बुडबुडे थांबून सलग धार लागली की धार चालू असतानाच स्क्रू आवळा. मग दुसरा फिल्टर, मग डिझेल पंपावरचा स्क्रू. क्रम उलटा नको. हातपंपाची दांडी पोकळ लागली तर आतला कॅम (फीड पंप हलवणारा उंचवटा) वर आलेला असतो. सेल्फने इंजिन थोडं फिरवून पुन्हा मारा. एवढ्यानेही उचललं नाही तर नोझलकडचे (इंजिनात डिझेल फवारतात तिथले) पाइपाचे नट एक आटा सैल करून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण देऊन सेल्फ मारा. डिझेल उडू लागलं की आवळा. तिथे बोट धरू नका, त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं. सेल्फ एका वेळी 10-15 सेकंदच, मध्ये मिनिटभर विश्रांती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं तर कुठून तरी हवा शिरतेय. टाकी ते फीड पंप हा भाग ओढीचा. तिथली गळती बाहेर ठिबकेलच असं नाही, ती हवा आत ओढते. जुन्या फिल्टरचं रबर वर चिकटून राहिलं आणि त्यावरच नवं बसवलं, असं फार वेळा होतं. तांब्याचे वॉशरही नवे टाका, पाच-दहा रुपयांसाठी जुने वापरू नका.

प्रश्न : किल्ली फिरवली की नुसतं ‘खट्’ होतं. – एक वाचक, महू

उत्तर : बॅटरी मोजा. उभ्या ट्रॅक्टरवर 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली. सेल्फ मारताना 9.5 च्या खाली गेली तर चार्ज करा. आकडा ठीक असेल तर टर्मिनलवरची पांढरी बुरशी आणि चॅसीवरचा अर्थिंगचा बोल्ट घासून घट्ट करा.