डोक्यावरचं नको, घाटमाथ्याचं आभाळ बघा
वाचकांचे प्रश्न : सुट्टीतली डोंगरवाट

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत, ऑक्टोबरअखेर, शृंगारपूरहून शास्त्रीच्या खोऱ्यात दिवसभर चालायचा बेत आहे. बरोबर दहा आणि बारा वर्षांची मुलं आहेत. सध्या सकाळी लख्ख ऊन आणि दुपारी गडगडाट असं चाललंय. जावं का? (वाचक, संगमेश्वर)

उत्तर : जा, पण सकाळी साडेसहाला पाऊल उचला आणि बारा वाजता असाल तिथून मागे फिरा. हस्त-चित्रा सरल्या, आता कसला पाऊस, असं म्हणू नका. मोसमी पाऊस परतला तरी जमीन ओली असते आणि ऊन कडक. दुपारी समुद्रावरून येणारी दमट हवा सह्याद्रीच्या भिंतीला थटून वर चढते, थंड होते आणि माथ्यावर ढग जमतात. म्हणून पाऊस बहुधा दोननंतर पडतो. माथ्यावरचे पांढरे ढग फुलकोबीसारखे उंच वाढू लागले आणि बुडाला काळे पडले, की बारा वाजायचीही वाट बघू नका.

वेळेचा हिशेब आधीच मांडा. मुलांसोबत सपाटीवर तासाला ३ किलोमीटर धरा आणि दर १०० मीटर चढाला १५ मिनिटं जास्तीची. म्हणजे ४ किलोमीटर वाट आणि ४०० मीटर चढ असेल तर २ तास २० मिनिटं, विश्रांती वेगळी. उतरायला कमी वेळ लागेल असं गृहीत धरू नका. ओल्या पाचोळ्यावरून मुलं उतरताना जास्त घसरतात. रानात साडेपाचलाच अंधारून येतं.

पाणी मोठ्यांना ३ लिटर, मुलांना २. ऑक्टोबरच्या उकाड्यात नुसतं पाणी पुरत नाही, मीठ घातलेलं कोकम सरबत एका बाटलीत असू द्या.

प्रश्न : जाताना घोट्याएवढा असलेला पऱ्या (डोंगरातला ओढा) येताना कमरेएवढा झाला, आणि आमच्याकडे तर थेंबही पडला नव्हता! असं का होतं? अशा वेळी दोर बांधून उतरावं का? (वाचक, खेड)

उत्तर : पाऊस वर घाटमाथ्याला पडला. उभे उतार, पाणी न जिरणारा काळा कातळ आणि अरुंद घळ, त्यामुळे ते पाणी बघता बघता खाली येतं. पाणी गढुळणं, काटक्या-पानं वाहत येणं, आवाज जड होणं यातलं एक जरी जाणवलं तरी पात्र सोडून वर चढा. डबे, पिशव्या गोळा करत बसू नका. जेवायला ओढ्यातल्या खडकावर बसण्याची हौस याच कारणासाठी वाईट.

दोर अंगाला अजिबात बांधू नका. पाय सुटला तर प्रवाह माणसाला दोराच्या टोकाशी पाण्याखाली दाबून धरतो.

पाणी गुडघ्याच्या वर असेल आणि वेगात असेल, तर उतरायचंच नाही. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, आणि मुलांचा गुडघा तुमच्या गुडघ्याहून खाली असतो हेही ध्यानात घ्या. गुडघ्याखाली असेल तर पात्र रुंद असलेली जागा शोधा. अरुंद जागा सोपी दिसते, पण तिथेच पाणी खोल आणि जोरकस असतं. खालच्या अंगाला धबधबा, डोह किंवा अडकलेली झाडं नाहीत ना, ते बघा. बूट पायातच ठेवा, सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, पाणी येतं त्या बाजूला तोंड करा, काठी समोर रोवा आणि एका वेळी एकच टेकू हलवत थोडं खालच्या बाजूला तिरकं सरका. तोल गेलाच तर उताणे व्हा, पाय पुढे ठेवा. जोराच्या पाण्यात उभं राहायला गेलात तर पाय दगडात अडकतो.

बाकी सगळ्यात उत्तम उपाय म्हणजे थांबणं. वरचा पाऊस थांबला की लहान पऱ्या काही तासांत ओसरतो. सुकी शिदोरी आणि बॅटरी त्यासाठीच जवळ हवी. वाडीत निघतानाच सांगून ठेवा, म्हणजे उशीर झाला तर शोधाशोध लवकर होईल.

प्रश्न : सड्यावर (उघड्या कातळपठारावर) असताना विजा सुरू झाल्या तर? छत्री चालेल का? (वाचक, राजापूर)

उत्तर : छत्री मिटा. चमक दिसल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा, तितके किलोमीटर वीज दूर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर सडा सोडून खाली उतरा. एकट्या झाडाखाली किंवा उथळ कपारीच्या तोंडाशी थांबू नका. उतरता येत नसेल तर एकमेकांपासून लांब, पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या. खरा आसरा पक्क्या घरात किंवा बंद गाडीतच.

प्रश्न : जळवा आणि फुरसं या विषारी सापाची भीती वाटते. (वाचक, महाड)

उत्तर : जळू नखाने हळूच सोडवा आणि जखम दाबून धरा. तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही म्हणून बराच वेळ वाहतं, घाबरण्याचं कारण नाही. फुरशाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. दगडांच्या फटीत हात घालू नका, बसण्याआधी काठीने दगड ठोका. चावलंच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं काही करू नका. अंगठी, पैंजण काढा, तो अवयव हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि प्रतिविष मिळेल अशा दवाखान्यात उचलून न्या. माणसाला चालवत नेऊ नका.