रेंज पूर्ण असूनही दोन टॉवरच्या मधोमध नेट का रखडतं? टॉवरना आपसात बोलून हे सुधारता येईल का?

येईल. नेटवर्क ऑप्टिमायझेशन हेच माझं काम, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फोनवरच्या काड्या सिग्नलचा जोर दाखवतात, तो किती स्वच्छ आहे ते नाही. ड्राइव्ह टेस्टला, म्हणजे गाडीतून फिरत सिग्नल मोजताना, अशा मधल्या जागी लॅपटॉपवर मला हमखास दिसतं: आपला टॉवर -85 डीबीएम (सिग्नलच्या जोराचं एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका जोर जास्त), शेजारचा -86. दोन्ही आकडे उत्तम, आणि घोळ तिथेच आहे. 4जीमध्ये शेजारशेजारचे टॉवर सहसा तीच फ्रिक्वेन्सी वापरतात, त्यामुळे शेजाऱ्याचा दमदार सिग्नल तुमच्यासाठी निव्वळ गोंगाट. सिग्नल आणि गोंगाट बरोबरीचे असले की शॅननच्या सूत्राप्रमाणे (जास्तीत जास्त किती डेटा जाऊ शकतो ते हे सूत्र सांगतं) फ्रिक्वेन्सीच्या दर हर्ट्झमागे सेकंदाला फार तर 1 बिट जातो. शेजारी गप्प बसला आणि सिग्नल गोंगाटाच्या दहापट झाला, तर जवळपास 3.5 बिट.

आता दोघांनी पाळीपाळीने बोलायचं ठरवलं तर? प्रत्येकाला वेळ निम्माच, पण 3.5 चे निम्मे 1.75, म्हणजे आधीच्या 1 पेक्षा जास्तच! हा हिशोब मला आजही सुंदर वाटतो. टॉवरच्या पायथ्याशी असलेल्या माणसाला मात्र शेजाऱ्याचा त्रास जवळजवळ नसतोच. त्याला पाळी लावली तर नुकसान. म्हणून ही तडजोड सीमेवरच्या ग्राहकांपुरतीच ठेवायची.

आपल्यावर किती लोड आहे, कुठे जोरात बोलणार आहोत, हे एक्स2 या टॉवर-टॉवरमधल्या जोडणीवरून शेजाऱ्याला कळवायची सोय 4जीत 2008 च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. पुढे रिलीज 11 या आवृत्तीत 'कॉम्प' (टॉवरनी मिळून काम करण्याचं तंत्र) आलं. त्यात दोन टॉवर मिळून एकाच फोनला तोच डेटा पाठवू शकतात, म्हणजे गोंगाटाचाच सिग्नल होतो. पण दोन्ही लहरी फोनपाशी जुळून याव्या लागतात. 2 गिगाहर्ट्झला तरंगलांबी 15 सेंटीमीटर, फोन 7.5 सेंटीमीटर सरकला तरी जुळणी बिघडू शकते, आणि ताशी 60 किलोमीटरच्या गाडीत एवढं अंतर साडेचार मिलिसेकंदांत संपतं. फोनने कळवलेली माहिती बॅकहॉलवरून, म्हणजे टॉवरना नेटवर्कशी जोडणाऱ्या लाइनवरून, शेजाऱ्याकडे पोहोचेपर्यंत शिळी झालेली असते. त्यामुळे एकाच टॉवरचे सेक्टर (वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेले भाग), किंवा फायबरने एकाच बेसबँडला (सिग्नलवर प्रक्रिया करणाऱ्या यंत्राला) जोडलेल्या साइट, इथेच हे नीट जमतं.

तुमच्या भागात मी आधी शेजारच्या टॉवरच्या अँटेनाचा टिल्ट, म्हणजे खाली झुकाव, तपासेन. दोन अंश खाली झुकवूनही पुष्कळ फरक पडतो. तक्रारीत 'रेंज नाही' असं लिहू नका. 'रेंज पूर्ण, स्पीड नाही' असं लिहा, सोबत नेमकी जागा आणि वेळ द्या, म्हणजे इंजिनिअर कव्हरेज शोधत बसणार नाही.