आरशात मागचा दिसतोय का?

गॅरेजच्या कट्ट्यावरून : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही कराडचे नऊ मित्र, नऊ गाड्या. ऑगस्टमध्ये कुंभार्ली घाटातून गुहागरला गेलो. पोफळीत चहाला थांबल्यावर मोजलं तर आठच. नववा वरच्या एका वळणावर घसरून पडला होता, मनगट मोडलं होतं. पाऊण तास तो कठड्याला टेकून एकटा बसला आणि आम्ही खाली भजी खात होतो. घाटात फोनला रेंज नव्हती. आता वर्गणी काढून सगळ्यांना हेल्मेटमधले इंटरकॉम घ्यायचं चाललंय. त्यानं प्रश्न सुटेल का?
– एक वाचक, कराड

उत्तर : भजी खात होतो हे तुम्ही लपवलं नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साताऱ्यात माझं गॅरेज आहे. पावसाळ्यात सोमवारी सकाळी शटर उघडलं की वाकलेलं हँडल, मोडलेली फूटरेस्ट घेऊन कुणीतरी उभा असतोच. मी आधी गाडी बघत नाही, विचारतो, "कितवा होतास रे?" बहुतेक वेळा उत्तर येतं, शेवटचा. नाहीतर शेवटून दुसरा.

दिंडीत चाललेल्या माणसाला याचं कारण सांगावं लागत नाही. पुढचे चालतात आणि मागचे धावतात. गाड्यांचंही तेच. सगळ्यांत पुढचा वळणावर साठावरून तिसावर येतो आणि वळण संपलं की पुन्हा साठ धरतो. दोन गाड्यांत दोन सेकंदांचं अंतर धरलं तर नववा त्याच्या सोळा सेकंद मागे असतो, म्हणजे तो त्या वळणातून बाहेर पडतो तेव्हा पुढचा अडीचशे मीटरवर पोहोचलेला असतो. नवव्याला वाटतं आपण मागे पडलो. तो ऐंशी धरतो आणि पुढचं वळण त्याच वेगानं घेतो. पुढचा मात्र चहाला थांबल्यावर म्हणतो, "मी तर साठच्या वर गेलोच नाही!" खरंच गेलेला नसतो.

त्यात ऑगस्टचा कुंभार्ली. कडेला शेवाळ, डोंगरातून वाहून आलेली लाल माती, समोर धुकं आणि वळणावर एखाद्या ट्रकच्या काठोकाठ भरलेल्या टाकीतून सांडलेलं डिझेल. अशा ठिकाणी घाबरून मागचा ब्रेक दाबला की चाक जाम होतं आणि गाडी आडवी होते. १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारा ब्रेक, सक्तीचं झालं, पण काहींचं फक्त पुढच्या चाकाला असतं. जुन्या गाड्यांना तेही नाही.

म्हणून इंटरकॉमच्या आधी एक ठराव करा. पुढच्याला गाठायचं नाही. सोबत राहायची जबाबदारी मागच्याची नाहीच, पुढच्याची आहे. प्रत्येकानं आपल्या आरशात आपल्या मागचा एक माणूस सांभाळायचा, बाकी सात जणांची काळजी त्यानं करू नये. मागचा दिसेना झाला की वेग कमी करायचा. तरी दिसला नाही तर सुरक्षित जागा बघून थांबायचं. तुम्ही थांबलात की तुमच्या पुढच्याच्या आरशातून तुम्ही गायब होता, मग तो थांबतो, आणि दोन-तीन मिनिटांत ही खबर पहिल्यापर्यंत जाते. रेंज लागत नाही, बॅटरी लागत नाही. घाटात वळणामुळे मागचा सतत दिसणार नाही हे खरं, तेव्हा वळणावर नव्हे, त्यानंतरच्या सरळ पट्ट्यात वेग उतरवून तो येतोय का बघायचं. त्या दिवशी आठव्यानं एकदा आरसा पाहिला असता तर पाऊण तासाची पाच मिनिटं झाली असती. त्याला बोल लावत नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसरं, नऊ ही गाड्यांची रांग नव्हे, वरात आहे. पाच आणि चार असे दोन गट करा, दहा मिनिटांच्या फरकानं निघा, पाटणला भेटा, कोयनानगरला भेटा. प्रत्येक गटाच्या पुढे रस्ता माहीत असलेला आणि शेवटी सगळ्यांत मुरलेला गडी. आमच्यात त्याला शेपूट म्हणतात. पंक्चरचं सामान आणि प्रथमोपचाराची पिशवी शेपटाकडे. पुढच्याकडे देऊन काय उपयोग, पंक्चर झालेला मागे राहतो! स्पोकच्या चाकाची ट्यूबवाली गाडी असेल तर पंक्चरच्या भोकात खुपसायच्या ट्यूबलेसच्या वाती चालत नाहीत, जादा ट्यूब आणि टायर उचकटायच्या पट्ट्या घ्या.

जिथे रस्ता फुटतो तिथे दोन नंबरच्यानं थांबायचं. चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर तुमचा रस्ता मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो, तिथे गर्दीत निम्मे एकीकडे आणि निम्मे दुसरीकडे जातात. दोन नंबरच्यानं कोपऱ्यावर उभं राहून सगळ्यांना हातानं रस्ता दाखवायचा आणि शेपूट दिसलं की त्याच्या पुढे लागायचं. पुढच्या फाट्याला नवा दोन नंबर. ज्याला रस्ता अजिबात माहीत नाही तोही चुकत नाही.

कराड ते पाटण सरळ रस्त्याला एकामागे एक न चालता थोडं तिरकं चाला. पहिला आपल्या लेनच्या उजव्या भागात, दुसरा डाव्या, तिसरा पुन्हा उजव्या. तिरक्या शेजाऱ्यापासून किमान एक सेकंद, थेट समोरच्यापासून किमान दोन. समोरचा खांबाजवळून गेला की "एकशे एक, एकशे दोन" म्हणा, त्याआधी तुम्ही खांब गाठलात तर फार जवळ आहात. साठाच्या वेगानं दोन सेकंद म्हणजे तेहतीस मीटर. पावसात याच्या दुप्पट. जोडीनं गप्पा मारत मात्र चालायचं नाही, खड्डा चुकवायला जागाच उरत नाही. घाट लागला की तिरकं चालणं बंद, एकेरी रांग, म्हणजे वळणावर प्रत्येकाला आपली पूर्ण लेन मोकळी मिळते. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियम आहे, तेव्हा समोरून एसटी चढत असेल तर उतरताना थांबा, तिला वळायला किती जागा लागते ते एकदा उभं राहून बघा.

आता ओव्हरटेक. इथे माझी स्वतःची गोष्ट सांगतो. १९९५ साल, पसरणी घाट, माझी यामाहा आरएक्स १००. मित्रानं ट्रक मागे टाकला, मागोमाग मीही निघालो. तो गेला तेव्हा रस्ता मोकळा होता, मी निघालो तेव्हा नव्हता. समोर जीप. ट्रकवाल्यानं ब्रेक मारून मला आत घेतलं, त्याचं नावही मला माहीत नाही. माझा डावा गुडघा थंडीत अजून दुखतो तो त्या दिवशी कठड्याला घासलेला. ट्रक प्रत्येकानं स्वतःच्या डोळ्यानं मागे टाकायचा. आणि जो पुढे गेलाय त्यानं तिथेच रेंगाळायचं नाही, मागून येणाऱ्याला शिरायला जागा ठेवून पुढे सरकायचं.

इंटरकॉम हौस म्हणून घ्या, वाईट नाही. पण डोंगर आड आला की तोही मुका होतो, आणि ऐन वळणावर कानात विनोद सांगणारा मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतो.

इतकं करूनही कुणी पडलाच तर सगळ्यांनी त्याच्याभोवती गोळा होऊ नका. एक जण त्याच्यापाशी, दोघं दोन्ही बाजूंच्या वळणांपलीकडे जाऊन गाड्या हळू करायला, एक जण रेंज मिळेपर्यंत १०८ ला फोन लावायला. जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आधी वाचा, तिकडून पहिला प्रश्न तोच येतो. पडलेल्याचा श्वास नीट चालू असेल तर त्याचं हेल्मेट ओढून काढू नका, मानेचं काय झालंय ते आपल्याला कळत नाही. आणि ते हेल्मेट पुन्हा वापरायचं नाही, वरून कितीही धड दिसो.

प्रश्न : काका, माझी ११० सीसीची स्कूटर. ऑफिसच्या ग्रुपमध्ये बाकी सगळ्या साडेतीनशेच्या गाड्या. कासला जाताना मी कायम शेवटी असते आणि त्यांना माझ्यासाठी थांबावं लागतं याची लाज वाटते. जाऊ की नको?
– एक वाचक, सातारा

उत्तर : जा की पोरी. फक्त शेवटी राहू नकोस, दोन नंबरला ये. तुझा वेग तोच सगळ्यांचा वेग. पुढचा तुला आरशात बघत चालेल आणि मागच्यांना आपोआप लगाम बसेल. साडेतीनशेवाल्याला हळू चालवता येत नसेल तर त्याला गाडीच येत नाही, असं माझ्या नावानं सांग.

पेट्रोलचे थांबेही तुझ्या पाच-सव्वापाच लिटरच्या टाकीवर ठरवायचे, त्यांच्या तेरा लिटरवर नाही.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घे. मोटारसायकल उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की इंजिनच तिला धरून ठेवतं. स्कूटरला गिअर नसतो, वेग अगदी कमी झाला की क्लच सुटतो आणि गाडी मोकळी धावते. मग सगळा भार ब्रेकवर येतो. यवतेश्वरचा घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नकोस. दाब, वेग उतरव, सोड. लिव्हर मऊ लागली किंवा जळका वास आला तर बाजूला थांब आणि ब्रेकचा ड्रम गार होऊ दे. पाणी ओतू नकोस. निघायच्या आधी मागच्या ब्रेकचा लायनर तपासून घे, स्कूटरवाले तो शेवटपर्यंत झिजवतात.

प्रश्न : ग्रुपनं जाताना धुक्यात चारही इंडिकेटर लावून चालावं का? आमचा लीडर आग्रह धरतो.
– एक वाचक, वाई

उत्तर : नको. चारही लागलेले असले की तुम्ही डावीकडे वळताय की उजवीकडे ते मागच्याला कळत नाही, आणि मागून येणाऱ्या अनोळखी गाडीला वाटतं तुम्ही थांबलाय. हेडलाइट लो बीमवर ठेवा, मागचा दिवा पुसून घ्या. चिखलानं तो लालऐवजी तपकिरी झालेला असतो. लीडरचाही बघा.