अकुतागावा कुठून सुरू करावा?

दिग्दर्शक कुरोसावाचा 'राशोमोन' हा सिनेमा (१९५०) पाहून अकुतागावा या जपानी कथाकाराकडे वळला असाल, तर एक घोळ आधीच मिटवतो. सिनेमातली क्योटोची पडकी वेस 'राशोमोन' या १९१५ च्या कथेतली. एकमेकींना छेद देणाऱ्या साक्षी मात्र 'याबू नो नाका' या १९२२ च्या कथेतल्या. दुसरीच आधी वाचा. खुनी कोण हे शोधत बसू नका, मी त्यात दोन रविवार घालवलेत! मग 'हाना', म्हणजे नाक. लांबलचक नाकाच्या भिक्षूची गंमत. जपानी कादंबरीकार सोसेकीनं हिचंच कौतुक केलं होतं. 'हागुरुमा' शेवटी ठेवा. आईसारखं आपल्यालाही वेड लागेल ही धास्ती अकुतागावाला होती. १९२७ मध्ये, ३५ व्या वर्षी त्यानं आयुष्य संपवलं, आणि ही कथा त्याच वर्षी लिहिलेली. रात्री एकट्यानं तर नकोच.