नळीवरचे नाव आणि चिठ्ठीवरचे नाव

पहिल्या बाळंतपणात बहिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता, आता दुसऱ्या वेळी तसेच झाले तर गर्भाशय न काढता काय करता येते, हा आपला प्रश्न वाचून पत्नीच्या बाळंतपणाची रात्र आठवली. मी डॉक्टर नाही. जे पाहिले आणि नंतर विचारून घेतले, तेवढेच लिहितो.

उपाय आहेत. गर्भाशय सैल पडल्याने रक्त जात असेल (बहुतेकदा कारण हेच असते), तर ऑक्सिटोसिनच्या (गर्भाशय आवळून धरणाऱ्या औषधाच्या) जोडीला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव कमी करणारे औषध १ ग्रॅम शिरेतून देतात. ते प्रसूतीनंतर ३ तासांच्या आत, आणि जितके लवकर तितके चांगले. आमच्याकडे तेवढ्याने भागले नाही, तेव्हा कॅथेटरला (रबरी नळीला) कंडोम बांधून तयार केलेला फुगा गर्भाशयात ठेवून सलाइनने भरला. ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी रूढ केलेल्या या साध्या युक्तीने रक्त ओसरले आणि दुसऱ्या दिवशी फुगा काढला. मात्र वार (नाळेचा गर्भाशयाला चिकटलेला भाग) आत अडकली असेल किंवा कोठे फाटले असेल, तर ते आधी पाहावे लागते. धमनीतून नळी नेऊन गर्भाशयाचा रक्तपुरवठा बंद करण्याची सोय मोठ्या शहरांतच मिळते, म्हणून तालुक्याच्या ठिकाणी तिच्यावर विसंबू नये, असे माझे मत आहे.

आमचा घात झाला तो रक्तपेढीत. केसपेपर पत्नीच्या माहेरच्या नावाने निघाला होता, आणि धावपळीत तिच्या रक्ताच्या नमुन्याच्या नळीवर मी सांगितलेले सासरचे नाव पडले. नावे जुळत नाहीत म्हणून नमुना परत आला, आणि ते योग्यच होते, कारण चुकीचे रक्त चढणे जिवावर बेतू शकते. चूक माझी होती. परंतु दुसरा नमुना घेऊन गेल्यावर, रात्री अडीच वाजता, बदली रक्तदाता (पिशवीच्या बदल्यात रक्त देणारा) आणल्याखेरीज पिशवी देणार नाही असे जे ऐकवण्यात आले, ते मी आजही विसरलेलो नाही. पत्नी तिकडे पांढरी पडत चालली होती आणि मी मित्रांना फोन लावत जिन्यात उभा होतो. दोन तास गेले.

त्यामुळे माझा सल्ला कोणाला एकांगी वाटेल, पण प्रसूतीगृह निवडताना खोलीचे भाडे नंतर विचारा. रक्त कोठून येते, किती वेळात येते आणि फुगा ठेवता येणारे डॉक्टर रात्री हजर असतात का, हे आधी विचारा. हिमोग्लोबिन आताच तपासून घ्या, कारण ते कमी असेल तर थोडा रक्तस्रावही झेपत नाही. आणि बहिणीच्या आधार कार्डावर, केसपेपरवर व सोनोग्राफीच्या कागदांवर एकच नाव आहे ना, हे आजच पाहा.