विचारा बिनधास्त! : बेटावरचा डोंगर आणि रावेरची केळी

प्रश्न : ताई, आम्ही कॉलेजच्या सहा मैत्रिणी, दोघी जळगावला, बाकीच्या भुसावळ-अमळनेरकडच्या. दिवाळीनंतर एक दिवस पोरं नवऱ्यांवर सोडून कुठंतरी बेटावर जायचं आणि तिथं डोंगर चढायचा असं ठरतंय. घारापुरी कसं राहील? की तिथं नुसत्या लेण्या बघून परत यायचं असतं? आम्हाला उन्हाची सवय आहे, त्याची काळजी नाही.
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : शेवटच्या वाक्यापासून सुरू करते, कारण मी पण अगदी हेच बोलून गेले होते. आमच्यातली एक यावलची, मे महिन्यात दुपारी दोनला केळीच्या बागेत उभी राहणारी, ४५ डिग्री म्हणजे तिला काहीच नाही, आणि तीच घारापुरीला नोव्हेंबरात पायऱ्यांवर डोकं धरून बसली. आपल्याकडचं ऊन कोरडं, घाम आला की लगेच सुकतो आणि सुकताना अंग गार करतो. तिथं चहूबाजूला समुद्र, हवा दमट, घाम सुकतच नाही, नुसता निथळत राहतो, अंग काही गार होत नाही आणि पाणी-मीठ मात्र जातच राहतं. तहान लागायची वाट बघू नका, बाटलीत लिंबू-मीठ-साखर घालून ठेवा, थोड्या थोड्या वेळानं प्या, आणि जीन्स तर अजिबात नको, ओली झाली की पायाला चिकटते आणि चढताना जीव नको होतो.

आता डोंगराचं. आहे ना डोंगर! बोटीतून उतरलं की लांब धक्का, त्यावर छोटी ट्रेन पळते पण तुम्ही चालतच जा, मग दोन्ही बाजूंनी दुकानं असलेल्या १२० च्या आसपास पायऱ्या आणि वर लेणी. बहुतेक लोक इथूनच मागं फिरतात. तुम्ही तोफांच्या टेकडीची वाट विचारा, गावातलं कुणीही सांगेल. आम्हाला रमतगमत, फोटो काढत अर्धा तास लागला. पाटणादेवीचा कण्हेरगड चढलेल्या बाईला हे काहीच नाही, पण वर दोन मोठाल्या जुन्या तोफा आहेत, आणि हवा स्वच्छ असली तर न्हावा-शेवाच्या बंदरातल्या क्रेन जिराफासारख्या माना वर करून उभ्या दिसतात.

मात्र आधी लेणं बघा, मग टेकडी, उलटं केलं तर दमून लेणं नुसतं उरकलं जातं. आपण अजिंठा शेजारी असलेली माणसं, लेण्याचं काय कौतुक असं वाटतं खरं, पण अजिंठ्यात बुद्ध आणि रंग, इथं शिव आणि अंधार. पहिल्या लेण्यात मागच्या भिंतीतली ती तीन मुखांची मूर्ती, जवळजवळ २० फूट उंच, आपण बाहेरच्या उन्हातून येतो तेव्हा आधी काहीच दिसत नाही, मग हळूहळू ते मधलं शांत तोंड अंधारातून पुढं येतं. तिथं पाच मिनिटं गप्प उभ्या राहा. (सहाजणी गप्प, हे जमवा बुवा.) आणि हो, अजिंठ्यासारखीच ही लेणी पण सोमवारी बंद असतात, दरवर्षी कुणी ना कुणी सोमवारीच जाऊन येतं.

खाण्याचं सांगते, ही माझी जखम आहे. आमची रावेरची मैत्रीण घरच्या बागेतली दोन डझन केळी पिशवीत घेऊन आली, मुंबईची केळी कुठं चांगली म्हणून. तिथल्या माकडांनी आमच्याकडं एकदा बघितलं, पिशवीकडं एकदा बघितलं, आणि पुढच्या क्षणाला पिशवी झाडावर! वरून सालं खाली पडतायत आणि ही खाली उभी राहून ‘गयं ना भो सगळं’ करतेय. तर केळी घरी ठेवा, कळण्याची भाकरी आणि ठेचा डब्यात घालून पाठीवरच्या सॅकमध्ये चेन लावून न्या, प्लास्टिकची पिशवी हातात दिसली की ती माकडाची समजा. भरीत नको, दुपारपर्यंत आंबतं.

रात्री भुसावळहून गाडी धरली की पहाटे-सकाळी सीएसएमटी, तिथून गेटवेला चालत अर्धा-पाऊण तास, बोट नऊच्या सुमाराला सुरू होते आणि तासाभरात पोचवते. बेटावर पर्यटकांना मुक्काम करता येत नाही, म्हणून सगळा हिशोब परतीच्या बोटीवरून करायचा. उतरल्या उतरल्या शेवटची बोट कधीची ते विचारा आणि त्याच्या आधीचीच पकडा. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि घालून बसा, फोटोत जाड दिसू म्हणून हातात धरून बसू नका. डिसेंबर २०२४ मध्ये याच वाटेवर बोटीचा अपघात होऊन माणसं गेलीत.

प्रश्न : टेकडी नको, किनाऱ्याकिनाऱ्यानं सगळ्या बेटाला चालत चक्कर मारता येईल का? ओहोटी कधी असते?
– एक वाचक, धुळे

उत्तर : नको भाऊ. तिथं वाळूची चौपाटी नाही, खारफुटी आणि चिखल आहे, पाय गुडघ्यापर्यंत गेला की बूट आतच राहतो. ओहोटीचं मात्र सांगते, कोकणातले लोक तिथीची पाऊणपट करतात. अष्टमी असली तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाला भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अंदाजच आहे, पण कालनिर्णय घरात असतंच.

प्रश्न : मला कन्नड घाटात एसटी लागते. बोट पण लागेल का?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : लागू शकते. बोटीत मधोमध बसा, टोकाला नाही, तिथं जास्त हलतं. मोबाईलमध्ये डोकं घालू नका, लांब जिथं पाणी आणि आभाळ मिळतं तिकडं बघत राहा. उपाशी जाऊ नका आणि शेवभाजी हाणून पण जाऊ नका. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघायच्या आधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर नाही. काही गोळ्यांनी झोप येते, मग त्रिमूर्तीसमोर मैत्रिणी गप्प आणि तुम्ही घोरताय.